कृत्रिम झडपेचा रुग्ण आणि साधा वाटणारा ज्वर

हृदय हे त्रिमर्मांपैकी एक. तेथे चुकीला वाव नसतो, हे आपण सर्वजण शिकलो आहोत. महाधमनीची वा झडपेची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण मोठ्या रुग्णालयातून गावी परततो आणि पुढील किरकोळ तक्रारींसाठी आपल्याच चिकित्सालयाची पायरी चढतो. अशा एका रुग्णाने दिलेला धडा येथे नमूद करीत आहे.

महाधमनीची झडप बदलून आठ महिने झालेले, पंचेचाळिशीचे एक शेतकरी सायंकाळचा मंद ज्वर, अरुची व बलक्षय घेऊन आले. छातीवरील व्रण उत्तम भरला होता. मी जीर्णज्वर समजून गुडूची व सुदर्शन चूर्ण दिले. दहाव्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताची शक्ती गेली, वाचा अडखळू लागली. झडपेवरील जंतुयुक्त गाठीचा तुकडा मेंदूत पोहोचला होता. पुनश्च शस्त्रक्रिया होऊन ते वाचले. हात मात्र पूर्ववत झाला नाही. ते दहा दिवस मी गमावले, ही खंत आजही आहे.

कृत्रिम झडपेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. रक्तात शिरलेले जंतू तिच्यावर चिकट थर करून राहतात. तेथे प्रतिजैविकेही कष्टाने पोहोचतात. पहिल्या वर्षात प्रामुख्याने स्टॅफिलोकॉकस, तर पुढे मुखातील स्ट्रेप्टोकॉकस व आतड्यातील एन्टेरोकॉकस हेही आढळतात. संसर्ग टाक्यांच्या वलयाखाली पसरल्यास विद्रधी होतो, झडप सैल होते, हृदयातील विद्युत्‌वहन रोधले जाऊन नाडी मंदावते. यास कृमिज हृद्रोग म्हणावे काय, ही चर्चा रुग्णास पुढे पाठविल्यानंतर करावी.

आपली कर्तव्ये पुढीलप्रमाणे :

१. ज्वराच्या प्रत्येक रुग्णास हृदयाच्या शस्त्रक्रियेविषयी विचारावे. झडप बदललेली असल्यास कारण स्पष्ट नसलेला ज्वर हा झडपेचाच, असे मानून त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

२. ब्लड कल्चरचे नमुने घेण्यापूर्वी प्रतिजैविक देऊ नये. जंतू दडपले जातात व निदान हुकते. नमुन्यांचे साधारणतः तीन संच लागतात, अन्ननलिकेतून इको करावा लागतो आणि शिरेवाटे उपचार किमान सहा आठवडे चालतात.

३. अशा रुग्णात जलौकावचारण टाळावे. जळवेच्या आतड्यात एरोमोनास जंतू असतात. शिवाय वॉरफेरिन वा अॅसिनोकुमारॉल चालू असल्यास रक्तस्राव आवरत नाही.

४. दात काढण्यापूर्वी वा हिरड्यांवरील उपचारापूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा आवश्यक असते, याची आठवण द्यावी. दंतधावन व मुखशुद्धी यांचा आग्रह तर आपल्या दिनचर्येतच आहे.

औषधविक्रेते बंधूंनाही विनंती, की वारंवार ज्वरनाशक गोळ्या नेणाऱ्या ग्राहकास एक प्रश्न अवश्य विचारावा. रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यास लसूण वा हळदीचे अर्क तज्ज्ञांच्या सल्ल्याविना देऊ नयेत.

रुग्णास वेळेवर पुढे पाठविणे यात वैद्याचा कमीपणा नाही. कोठे थांबावे हे जाणणे, हेही चिकित्सेचेच अंग होय.