धानाची रास, माऊसच्या टोकावर

स्क्रीनवर काळा चौकोन. मधोमध क्लिक केलं की एक ठिपका पडतो. दोन, तीन... आणि चौथ्या क्लिकला ढीग फुटतो! चारही बाजूंना एकेक दाणा सरकतो. असे हजारो दाणे टाकायचं काम कोडवर सोपवा आणि मस्त कॉफी प्या. परत येईपर्यंत स्क्रीनभर गालिच्यासारखी नक्षी उमललेली असते. कुणीही न काढलेली!

ही करामत माझ्या एका मैत्रिणीची. पुण्यात आयटीत असली तरी ती मूळची भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याची, पवनी तालुक्यातली. हा सगळा धानाचा मुलूख. मागच्या दिवाळीत मी तिच्यासोबत गेले होते. लॅपटॉपवर सांडणारे दाणे बघून तिचे बाबा म्हणाले, "खरा धान अंगनात पडला आहे, मंग हे कशाले?"

प्रश्न एकदम रास्त!

फंडा काय आहे?

निसर्ग स्क्रीनवर आणायचे दोन मार्ग. एक तर प्रत्येक फ्रेम हाताने काढा, नाहीतर छोटासा नियम लिहा आणि पुढचं त्याच्यावर सोडा. क्रेग रेनॉल्ड्सने १९८६ मध्ये पक्ष्यांचा थवा असाच उडवला. धडकू नका, शेजाऱ्याच्या दिशेने उडा, थव्याजवळ राहा. बस, तीनच नियम.

ढिगाचं मॉडेल १९८७ चं; पेर बाक, चाओ टँग आणि कर्ट वीजेनफेल्ड या तिघांचं. एका घरात चार दाणे झाले की चार शेजाऱ्यांना एकेक द्यायचा. कडेचे दाणे बाहेर पडतात. गंमत अशी, की ढीग आपला आपणच अशा नाजूक अवस्थेला पोचतो, जिथे पुढचा दाणा कधी काहीच करत नाही, तर कधी अख्खी रास हलवतो.

मुंबई कनेक्शन

एकाच वेळी दहा घरं फुटायला आली, तर आधी कुठलं फोडायचं? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दीपक धर यांनी १९९० मध्ये सिद्ध केलं, की कुठूनही सुरुवात करा, शेवटचं चित्र तेच येतं. कोड लिहिणाऱ्यांचा जीव भांड्यात! धर यांना २०२२ मध्ये बोल्ट्झमन पदक मिळालं. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय.

आणि खरा धान?

ओस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी तांदळाचे खरेखुरे ढीग रचून पाहिले. १९९६ मध्ये निष्कर्ष आला. लांबट दाण्यांची रास मॉडेलसारखी वागली, लहानमोठ्या सगळ्या मापांनी घसरली. गोलसर दाण्यांची मात्र नाही. मैत्रिणीने हे सांगितलं, तेव्हा बाबांनी मूठभर धान उचलून तळहातावर पसरला. "गोल दाना घरंगळते, लांब दाना अडते," ते म्हणाले. स्क्रीनवरच्या ठिपक्याला लांबी-रुंदी नसते, हे त्यांनी पहिल्याच नजरेत हेरलं होतं. त्या रात्री मैत्रीण लांबट दाण्यांचा नवा नियम लिहीत बसली. बाबा शेजारी खुर्ची ओढून!

वीकएण्डला करून बघा

* पी५.जेएस ही फुकट लायब्ररी ब्राउझरमध्येच चालते. तिचं मूळ २००१ च्या 'प्रोसेसिंग'मध्ये. केसी रिआस आणि बेन फ्राय यांची निर्मिती.
* १०१ बाय १०१ घरांची जाळी घ्या. सगळीकडे शून्य.
* प्रत्येक फ्रेमला मधल्या घरात दाणे टाका. माऊस दाबला तर तिथेही.
* चार किंवा जास्त दाणे असलेलं एकही घर उरत नाही, तोवर फोडत राहा.
* शून्य, एक, दोन, तीनला चार रंग द्या. झालं!

आणि हो, सोमवारी संध्याकाळी एखाद्या साध्याशा मेलने डोकं फुटलं, तर त्या बिचाऱ्या मेलवर राग काढू नका. तो फक्त चौथा दाणा असतो. आधीचे तीन कधी साचले, ते बघा.