इंटिरियर डिझाईन शिकायचंय? फी भरण्याआधी कॉलेजचा ‘सातबारा’ तपासा

पौड (ता. मुळशी) : बारावी झाली की पुढं काय, या चर्चेत इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, पोलीस भरती ही नावं आपल्याला पाठ आहेत. आता त्यात ‘इंटिरियर डिझाईन’ हे नाव वरचेवर ऐकू येतंय. कारण डोळ्यासमोर आहे. हिंजवडी, माण, मारुंजीपासून भूगाव, भुकूम, पिरंगुटपर्यंत इमारती उभ्या राहिल्या. धरणाच्या कडेनं आणि ताम्हिणीच्या रस्त्याला फार्महाऊस, रिसॉर्ट झाले. जमीन आपली गेली, खडी-वाळू आपल्या डंपरनं वाहिली. पण चावी हातात आल्यावर आतलं जे काम निघतं, म्हणजे किचन, कपाटं, सिलिंग, लाईट, त्यात आपल्या तालुक्याची पोरं फार दिसत नाहीत.

हे काम शिकण्यासारखं आहे. पण यात घरच्यांचा मोठा पैसा अडकतो. काही घरांत तर फीसाठी गुंठा-दोन गुंठे विकायची भाषा होते. म्हणून हे शिक्षण नेमकं काय आहे, कुठं मिळतं, सरकारची सवलत कुठं लागू होते आणि शिकून झाल्यावर धंदा कसा उभा राहतो, ते नीट समजून घेऊ.

डेकोरेशन वेगळं, डिझाईन वेगळं

पडदे, रंग, शोपीस निवडणं ही सजावट झाली. डिझाईन म्हणजे आहे त्या जागेत माणूस कसा वावरणार, सामान कुठं बसणार, पाणी आणि वीज कुठून जाणार आणि हे सगळं किती पैशात होणार, हे काम सुरू होण्याआधी कागदावर ठरवणं.

एक साधं उदाहरण घ्या. प्लायवूडचं शीट आठ बाय चार फुटांचं, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर असतं. कपाटाचं शटर २१०० उंच आणि ६०० रुंद ठेवलं तर एका शीटमध्ये दोन शटर शेजारी-शेजारी बसतात. दोन्हींची रुंदी १२०० होते, करवतीच्या कापालाही जागा राहते. तेच शटर कुणी ६२५ रुंद काढलं तर दोन मिळून १२५० होतात. शीट १२२० चं, म्हणजे एकच शटर निघणार. आठ शटरला जिथं ४ शीट पुरली असती तिथं ८ लागणार. उरलेल्या पट्ट्या कुठं वापरता आल्या तर ठीक, नाहीतर पैसे वाया. फरक फक्त २५ मिलिमीटरचा आहे. आपल्याकडच्या जुन्या सुताराला हे बोटावर कळतं. कॉलेजात हेच ड्रॉइंगमध्ये मांडायला आणि हिशेबात धरायला शिकवतात.

चार वर्षांत काय शिकवतात?

बहुतेक ठिकाणी पदवी चार वर्षांची आहे. नाव बी.डिझाईन किंवा बीएफए असं असतं. पहिल्या वर्षी हाताने चित्र काढणं, रंग, आकार, मॉडेल बनवणं हा पाया घेतात. मग प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन या तीन ड्रॉइंगची भाषा येते. ऑटोकॅड, स्केचअप अशी सॉफ्टवेअर त्याच्या पुढची पायरी. सॉफ्टवेअर दोन-तीन महिन्यांच्या क्लासातही येतं, पण काय काढायचं हे त्यात येत नाही.

पुढच्या वर्षांत माणसाच्या शरीराची मापं शिकवतात. खुर्चीची बैठक साधारण ४५० मिलिमीटरवर आणि टेबल ७५० वर का असतं, व्हीलचेअर जायला दार किती रुंद पाहिजे, रॅम्पचा उतार किती असावा, हे त्यात येतं. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प हे प्रमाण आहे. त्यासोबत लाकूड, दगड, काच, कापड या मालाची ओळख, वायरिंग, प्लंबिंग, आगीपासून सुरक्षा आणि एस्टिमेट हे विषय असतात. शेवटी काही महिने एखाद्या ऑफिसात किंवा साईटवर इंटर्नशिप आणि एक मोठा प्रकल्प करावा लागतो.

या सगळ्यातून तयार होतो पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाची वही. नोकरीच्या मुलाखतीत मार्कलिस्टच्या आधी तीच मागतात.

लायसन लागत नाही, म्हणून जास्त जपायचं

आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनरला असं कोणतंही लायसन लागत नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही या लोकांची संघटना १९७२ पासून आहे, पण तिचं सदस्यत्व कायद्यानं सक्तीचं नाही.

याचा फायदा असा की आर्ट्सची मुलगीही या धंद्यात येऊ शकते, सुताराचा पोरगाही. तोटा असा की शिकवणारेही कुणीही उभे राहतात. दुकानाच्या गाळ्यात क्लास निघतो, बोर्डावर ‘इंटरनॅशनल’ लिहिलं जातं आणि सर्टिफिकेटला डिग्री म्हणून विकलं जातं.

इथं एक नियम पक्का लक्षात ठेवा. १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२ प्रमाणे डिग्री फक्त विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेनं खास अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते. जमीन घेताना आपण दलालाच्या तोंडावर विश्वास ठेवत नाही, सातबारा आणि फेरफार बघतो. कॉलेजलाही तसंच विचारायचं : डिग्रीच्या कागदावर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार? मग ते नाव यूजीसीच्या वेबसाईटवरच्या यादीत शोधायचं. बनावट विद्यापीठांची यादीही तिथंच मिळते. ‘आमचं टाय-अप आहे’ एवढ्यावर फी भरू नका.

क्लास वाईटच असतात असं नाही. सॉफ्टवेअर शिकायला क्लास चांगला. पण क्लासची फी क्लासएवढी आणि डिग्रीची फी डिग्रीएवढी, हा फरक कळला पाहिजे.

शिकायच्या वाटा

पहिली वाट खासगी विद्यापीठांची. सिम्बायोसिसचं मोठं संकुल आपल्या लवळ्याच्या डोंगरावर आहे, पण त्यांची डिझाईनची संस्था विमाननगरला आहे. तिथं इंटिरियरचा विषय आहे. लोणी काळभोरच्या एमआयटी एडीटी विद्यापीठातही आहे. सोयी चांगल्या, पण अशा ठिकाणी राहणं-खाणं धरून चार वर्षांचा खर्च दहा लाखांच्या पुढं सहज जातो.

दुसरी वाट नावाजलेल्या जुन्या संस्थांची. मुंबईच्या १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. कला शाळेत इंटिरियर डेकोरेशन हा विषय पूर्वीपासून शिकवतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, फर्निचर आणि इंटिरियर हा विषय आहे. अहमदाबादच्याच सेप्ट विद्यापीठात इंटिरियरचं शिक्षण १९९१ पासून चालतं. जागा कमी, स्पर्धा जास्त. पण एनआयडीसारख्या परीक्षेत फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रश्न सोडवायचे नसतात, निरीक्षण आणि चित्र बघतात. बारावी कोणत्याही शाखेची चालते.

तिसरी वाट आर्किटेक्चरची. ही पाच वर्षांची. बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं. आर्किटेक्ट झालेला माणूस इंटिरियरचं कामही करू शकतो आणि घराचा नकाशाही. आपल्या बाजूनं पुण्यात शिरलं की कर्वेनगरला मुलींसाठीचं भानुबेन नानावटी कॉलेज आहे, मराठवाडा मित्र मंडळाचं आर्किटेक्चर कॉलेजही पुण्यात आहे.

चौथी वाट आयटीआयची. ‘इंटिरियर डिझाईन अँड डेकोरेशन’ हा एक वर्षाचा ट्रेड दहावीनंतर करता येतो. सगळ्या आयटीआयमध्ये तो नसतो, प्रवेशाच्या ऑनलाईन फॉर्ममध्ये बघावं लागतं. ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेडही उपयोगाचा आहे. ही डिग्री नव्हे. पण हाताला काम लवकर लागतं आणि डिझायनरच्या ऑफिसात ड्रॉइंग काढायला अशी पोरं लागतातच.

तारीख निकालानंतरची नसते

आपल्याकडं सगळ्यात जास्त पोरं इथं चुकतात. एनआयडीची परीक्षा, आयआयटी मुंबई घेते ती यूसीड आणि बऱ्याच खासगी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा यांचे फॉर्म बारावीचं वर्ष चालू असतानाच निघतात. दिवाळीच्या आगेमागे त्यांच्या वेबसाईट बघायला सुरुवात केली पाहिजे. बारावीचा निकाल हातात घेऊन चौकशी करायला गेलं की या परीक्षा होऊन गेलेल्या असतात. मग उरतात त्या फक्त मॅनेजमेंटच्या आणि महागड्या जागा.

तयारी त्याच्याही आधी सुरू होते. शाळेत कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा असतात. गावच्या शाळेत चित्रकलेचे सर असतील तर त्या देऊन टाका. दहावीला वाढीव गुण मिळतात आणि हात बसतो.

पैशाचं गणित

राज्य सरकारनं २०२४-२५ पासून मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींसाठी ही सवलत आहे. पण तिला दोन अटी आहेत. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला पाहिजे. आणि खासगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेत नाहीत.

याचा अर्थ नीट बघा. ‘मुलींना शिक्षण फुकट’ हे ऐकून घरच्यांनी खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला तर पूर्ण फी भरावी लागेल. तीच मुलगी कॅपमधून आर्किटेक्चरला गेली तर सवलतीत बसू शकते. म्हणून आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारा : ‘आमच्या मुलीला या कोर्सला, या कॉलेजात महाडीबीटीवर फॉर्म भरता येईल का?’ उत्तर ‘हो’ आलं तर कोणत्या योजनेत, तेही लिहून घ्या.

कॅपमधल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. त्याला लागणारे उत्पन्नाचे आणि अल्पभूधारकाचे दाखले पौडच्या तहसीलमधून आधीच काढून ठेवा, प्रवेशाच्या धावपळीत ते वेळेवर मिळतीलच असं नाही.

कर्ज काढायचं असेल तर ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेनं तारण मागायचं नसतं. बँकेत गेल्यावर आणखी एक फायदा होतो. ‘या कॉलेजच्या या कोर्सला कर्ज द्याल का?’ असा प्रश्न मॅनेजरला विचारा. बँक नको म्हणाली तर कारण विचारा. कधी कधी कॉलेजची खरी किंमत तिथं कळते.

आणि फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. लॅपटॉप, शीट, मॉडेलचं सामान, प्रिंट, साईट भेटी यांना दर सहामाहीला पैसे लागतात. फी माफ झाली तरी हा खर्च घरचाच असतो.

शिकून झाल्यावर

डिग्री घेतली आणि लगेच बोर्ड लावला, असं सहसा जमत नाही. दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढावी लागतात. गिऱ्हाईकाशी बोलणं, मिस्त्रीकडून वेळेत काम करून घेणं, बिल तपासणं हे तिथं कळतं.

स्वतःचं काम सुरू केल्यावर फी तीन प्रकारे घेतात : चौरस फुटावर, एकूण खर्चाच्या टक्क्यावर किंवा ठरवून एकरकमी. कोणतीही घ्या, पण लिहून घ्या. कामाची यादी, मालाचा ब्रँड आणि ग्रेड, दर, आगाऊ रक्कम, कोणत्या टप्प्याला किती पैसे आणि बदल सांगितला तर जादा खर्च कुणाचा, हे सहीनिशी असलं पाहिजे. दुकानदाराकडून गुपचूप कमिशन घ्यायची सवय या धंद्यात आहे. गावात राहून धंदा करणाऱ्याला ती परवडत नाही, नाव एकदाच जातं. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, तेही ध्यानात ठेवा.

आपल्या पोरांकडं एक भांडवल मात्र आधीपासून आहे. मुळशीचा पाऊस त्यांना माहीत आहे. ताम्हिणीकडच्या बंगल्यात साधं एमआर ग्रेडचं प्लाय लावलं तर ओलीनं फुगतं, तिथं आयएस ७१० चं, पाण्याला टिकणारं प्लाय पाहिजे. वाळवी कुठून चढते, पश्चिमेची झड कोणत्या खिडकीतून आत येते, भिंत कुठं पाझरते, हे बाहेरून आलेल्या डिझायनरला पहिल्या पावसाळ्यानंतर कळतं. आपल्या जुन्या घरातली पडवी, ओटा, माळा, कोनाडा या जागा का होत्या, हे ज्याला समजतं त्याला जागेचा अर्धा अभ्यास घरीच झालेला असतो.

म्हणून ज्या मुला-मुलीला यात जायचंय त्यांनी या महिन्यात एक काम करावं. टेप घेऊन स्वतःचं घर मोजावं. प्रत्येक खोली, दार, खिडकी, ओट्याची उंची कागदावर १:५० प्रमाणात काढावी, म्हणजे घरातला एक मीटर कागदावर दोन सेंटिमीटर. आई दिवसभरात कुठं वाकते, कुठं अडखळते, ते त्यावर खुणा करून बघावं. हे करताना कंटाळा आला तर फी भरण्याआधीच कळेल. गोडी लागली तर पोर्टफोलिओचं पहिलं पान तयार झालं असं समजा.