हाताखाली माणसे नसलेले वरिष्ठपद : सॉफ्टवेअरमधील तांत्रिक तज्ज्ञाविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये ‘सीनियर टेक्निकल स्पेशालिस्ट’, म्हणजेच ज्येष्ठ तांत्रिक तज्ज्ञ, असे एक पद असते. त्याच स्वरूपाच्या कामाला काही कंपन्या ‘आर्किटेक्ट’ म्हणतात, तर काही ‘स्टाफ इंजिनिअर’ किंवा ‘प्रिन्सिपल इंजिनिअर’ म्हणतात. नाव कोणतेही असले, तरी डेटाबेस, नेटवर्क, माहितीची सुरक्षा अशा एखाद्या क्षेत्राची खोल जाण असलेली आणि त्या क्षेत्रातील अवघड निर्णयांची जबाबदारी वाहणारी व्यक्ती त्या पदावर अपेक्षित असते. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आणि वर्धा मार्गावरील मिहान प्रकल्पात पर्सिस्टंट, टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांसारख्या कंपन्या आल्यापासून हे पदनाम जिल्ह्यातील तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचले आहे. त्या गावांपैकीच एक म्हणजे नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील सावनेर. संत्र्याच्या बागा, कापूस आणि वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसाखाणी यांवर ज्या परिसराचे अर्थकारण उभे राहिले, तेथे नोकरीतील मोठेपणा बहुधा एकाच प्रश्नाने मोजला जातो : हाताखाली किती माणसे आहेत? ज्येष्ठ तांत्रिक तज्ज्ञाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा ‘एकही नाही’ असे असते आणि या पदाविषयीचे बहुतेक गैरसमज त्या एका उत्तरातूनच जन्माला येतात.

त्यांपैकी सर्वांत रुजलेला समज असा, की बारा-पंधरा वर्षे नोकरी करूनही जो मॅनेजर झाला नाही आणि अजून स्वतः कोड लिहितो, तो मागे पडला. वस्तुस्थिती अशी आहे, की या उद्योगात बढतीचे दोन समांतर जिने असण्याची कल्पना जुनी आणि विचारपूर्वक स्वीकारलेली आहे : एक जिना व्यवस्थापनाचा, म्हणजे माणसे, वेळापत्रक आणि खर्च सांभाळण्याचा, आणि दुसरा निव्वळ तांत्रिक कर्तृत्वाचा. आयबीएम कंपनीने १९६३ मध्ये ‘आयबीएम फेलो’ हा सन्मान सुरू केला, तेव्हा उत्कृष्ट तांत्रिक कर्तृत्वाला आणि सर्जनशीलतेला प्रोत्साहन देणे हा त्यामागचा हेतू होता. त्याच कंपनीच्या ओएस/३६० या प्रचंड प्रणालीच्या बांधणीचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात दोन जिन्यांचा विचार आणखी पुढे नेला. दोन्ही जिन्यांवरील समान पायऱ्यांचे वेतन समान असावे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. तांत्रिक जिन्यावरून व्यवस्थापनाच्या जिन्यावर जाण्याला बढती न मानता बदली मानावे, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजने तर पदनामांची उतरंडच बाजूला ठेवून आपल्या संशोधकांना आणि अभियंत्यांना ‘तांत्रिक कर्मचारीवर्गाचा सदस्य’ एवढेच नाव दिले होते. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर याच संस्थेत काम करत असताना १९८४ मध्ये त्यांची रेषीय नियोजनाची पद्धत प्रसिद्ध झाली. रेषीय नियोजन म्हणजे मर्यादित साधने अनेक अटी पाळून सर्वांत फायदेशीर रीतीने कशी वाटावीत, याचे गणित. ‘करमरकर अल्गोरिदम’ या नावाने जगभर अभ्यासल्या जाणाऱ्या त्या कामाचे मोल त्यांच्या हाताखाली किती माणसे होती यावरून कोणी ठरवलेले नाही.

तरीही मॅनेजर न झालेला माणूस मागे पडतो, ही सावनेरसारख्या गावातील शंका पूर्णपणे निराधार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भारतातील अनेक सॉफ्टवेअर कंपन्या सेवा विकतात, म्हणजे परदेशी ग्राहकाला माणसांच्या कामाच्या तासांचे बिल लावतात, आणि अशा व्यवहारात थोड्या अनुभवी माणसांखाली पुष्कळ नवशिके असलेली पिरॅमिडसारखी रचना नफ्याची ठरते. त्या रचनेत माणसे सांभाळणाऱ्याची गरज सतत भासते. निव्वळ तज्ज्ञाची गरज मात्र प्रकल्प अडतो तेव्हाच जाणवते. म्हणून तांत्रिक जिना कागदावर असूनही त्याच्या वरच्या पायऱ्या रिकाम्या असलेल्या कंपन्या आढळतात. स्वतःचे उत्पादन बनवणाऱ्या कंपन्यांत आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या भारतातील विकासकेंद्रांत हा जिना अधिक खरा असतो, कारण तेथे एका चुकीच्या रचनेची किंमत पुढची दहा वर्षे स्वतःलाच मोजावी लागते.

दुसरा गैरसमज असा, की ज्येष्ठ तज्ज्ञ म्हणजे अधिक वेगाने आणि अधिक प्रमाणात कोड लिहिणारा माणूस. प्रत्यक्षात पायरी जसजशी वर जाते, तसतसे लिहिण्यापेक्षा वाचणे वाढते. इतरांनी लिहिलेला कोड तपासणे, नव्या रचनेचे टिपण वाचून त्यातील धोके दाखवणे, बंद पडलेल्या यंत्रणेच्या नोंदींतून मूळ कारण शोधणे आणि काही वेळा एखादी गोष्ट बांधूच नये असे ठरवणे, ही त्याची खरी कामे असतात.

या कामाचे स्वरूप सावनेर या नावावरूनच दाखवता येते. संगणक देवनागरी मजकूर युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत साठवतो, ज्यात प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला स्वतंत्र क्रमांक असतो. वाचणाऱ्याला ‘सावनेर’ या नावात चार अक्षरे दिसतात, पण काना आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जात असल्यामुळे संगणकाच्या दृष्टीने ते सहा संकेत असतात. यूटीएफ-८ या सर्वाधिक प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट, म्हणजे साठवणुकीचे तीन मूलभूत घटक, व्यापतो, म्हणून हे नाव १८ बाइटांचे होते. रोमन लिपीत लिहिलेल्या याच नावाला सहा बाइट पुरतात. आता एखाद्या नवशिक्या प्रोग्रामरने गावाच्या नावासाठी दहा बाइटांची जागा ठेवली आणि चाचणी फक्त रोमन नावांवर घेतली, तर सर्व काही सुरळीत दिसेल. मराठी नोंदी सुरू झाल्या, की मात्र नाव ‘साव’ येथे तुटेल आणि पुढच्या अक्षराचा एक निरर्थक तुकडा मागे राहील. त्यातच ‘साव’ने सुरू होणारे दुसरे गाव यादीत असले, तर दोन गावांच्या नोंदी एकमेकींत मिसळण्याची वाट मोकळी होईल. मोबाइल संदेशांतही असाच फरक आहे : रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात, देवनागरीत ७०. त्यामुळे एकाच आशयाचा मराठी संदेश दोन-तीन संदेशांचा खर्च घेऊन जाऊ शकतो. नवशिक्याचा कोड चुकीचा नव्हता, त्याने कल्पिलेले जग अपुरे होते. ते अपुरेपण पहिली मराठी नोंद होण्याआधी दिसणे, ही ज्येष्ठतेची कसोटी आहे.

अशी नजर नसली तर काय घडते, याचे ठळक उदाहरण १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात दिसले. नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर, म्हणजे व्यवहार हाताळणाऱ्या आठ मुख्य संगणकांवर, नवी प्रणाली बसवायचे ठरवले होते. ती सातांवर बसली, आठव्यावर जुनीच राहिली. नव्या प्रणालीसाठी वापरलेली एक खूण जुन्या प्रणालीत, अनेक वर्षे न वापरलेला पण पुसून न टाकलेला कोड चालू करणारी होती. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठवले होते, पण ते धोक्याचे इशारे म्हणून आखलेले नसल्यामुळे त्यांवर कोणी हालचाल केली नाही, आणि अवघ्या ४५ मिनिटांत कंपनीला ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. या घटनेत कोणाचेही अवघड गणित चुकले नव्हते. मृत कोड वेळीच काढणे, जुन्या खुणेला नवा अर्थ देण्यास हरकत घेणे आणि आठही सर्व्हर एकसारखे असल्याची खातरजमा करणे, ही तिन्ही कामे कंटाळवाणी असतात. ती आग्रहाने करवून घेणारा माणूस संस्थेला बहुतेक दिवस फारसा दिसतही नाही, आणि त्याच्या कामाचे मोल कमी लेखले जाण्याचे हेच मोठे कारण आहे.

हाताखाली माणसे नाहीत म्हणजे अधिकार नाही, हाही एक समज आहे, आणि तो तपासण्यासाठी सावनेर परिसरातील भूमिगत खाणींहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. कोळसाखाणीत ‘सरदार’ आणि ‘ओव्हरमन’ ही वैधानिक पदे असून त्यांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या व्यवस्थेखाली मिळणारे सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. कामाच्या जागेचे छत, वायू आणि हवेचा प्रवाह तपासून धोका दिसल्यास तेथील माणसे बाहेर काढण्याचे कर्तव्य सरदारावर असते, आणि उत्पादनाचे लक्ष्य अपुरे राहील या कारणाने ते टाळता येत नाही. सरदाराचे म्हणणे त्याच्या पगाराच्या श्रेणीमुळे ऐकले जात नाही. धोका ओळखण्याची त्याची पात्रता आणि जबाबदारी मान्य झालेली असते म्हणून ऐकले जाते. चांगल्या सॉफ्टवेअर संस्थेत ज्येष्ठ तज्ज्ञाचा अधिकार याच जातीचा असतो : सदोष आवृत्ती ग्राहकापर्यंत जाऊ न देण्याचा, रचना बदलायला लावण्याचा. मात्र एक मोठा फरक लक्षात ठेवला पाहिजे. खाणीतील त्या अधिकारामागे कायदा उभा आहे, तर भारतात सॉफ्टवेअर अभियंत्याला कोणताही सरकारी परवाना लागत नाही आणि ‘सीनियर’ हा शब्द कोणतीही कंपनी स्वतःच्या मर्जीने कोणालाही देऊ शकते. त्यामुळे एका कंपनीत पाच वर्षांत मिळणारे पदनाम दुसरीत बारा वर्षांनी मिळते, आणि केवळ पदनामावरून दोन माणसांची तुलना करणे निरर्थक ठरते.

संगणकाचे ज्ञान दर दोन-तीन वर्षांनी शिळे होते, म्हणून चाळिशीनंतर तांत्रिक माणूस निरुपयोगी होतो, हा समज भीतीपोटी अधिक पसरलेला आहे. बदलतात ती प्रामुख्याने वरची साधने. पाया फार सावकाश बदलतो. माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याची एडगर कॉड यांची कल्पना १९७० ची आहे आणि बँकांसह अनेक ठिकाणच्या नोंदी आजही त्याच तत्त्वावर ठेवल्या जातात. इंटरनेटच्या पूर्वसूरी जाळ्याने टीसीपी/आयपी हे संदेशवहनाचे नियम १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारले, आणि ते आजही चालू आहेत. उलट, जुनी माहिती असणे कधी अत्यावश्यक ठरते. युनिक्स घराण्यातील संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांत. ही संख्या ३२ बिटांच्या जागेत ठेवणाऱ्या प्रणालींची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी संपेल आणि त्यानंतर त्यांचे घड्याळ १९०१ सालात जाऊन पडेल. कारखान्यांतील आणि उपकरणांतील अशा जुन्या प्रणाली शोधून दुरुस्त करण्याचे काम ज्यांना त्या कशा बांधल्या गेल्या हे ठाऊक आहे, त्यांच्याकडेच येणार आहे.

तज्ज्ञ एकटाच पडद्यासमोर बसतो आणि त्याला बोलण्या-लिहिण्याची गरज नसते, हेही खरे नाही. त्याचा बराचसा दिवस टिपणे लिहिण्यात, ग्राहकाला एखादी मागणी का धोकादायक आहे हे पटवण्यात आणि कनिष्ठांना शिकवण्यात जातो. इंग्रजीत नेमके लिहिता आले पाहिजे, पण सराईतपणे इंग्रजी झाडता येण्याची गरज नसते. हा भेद गावातून आलेल्या विद्यार्थ्यांना कोणी स्पष्टपणे सांगत नाही, आणि त्यामुळे कित्येक जण विनाकारण मागे राहतात.

खेड्यातून आलेल्या किंवा संगणकशास्त्राची पदवी नसलेल्या माणसाला या क्षेत्रात वर जाता येत नाही, या समजाला विदर्भाच्याच इतिहासात उत्तर आहे. भारताच्या ‘परम’ महासंगणकाचे शिल्पकार विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या आणि आज व्हीएनआयटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून ते १९६५ मध्ये अभियंता झाले. तेव्हा तेथे संगणकशास्त्राची स्वतंत्र पदवी नव्हती. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला.

कृत्रिम बुद्धिमत्ता आता कोड लिहिते, म्हणून हे पदच संपेल, हा सर्वांत नवा समज. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून ठरीव स्वरूपाचा कोड क्षणात मिळू लागला, हे खरे आहे आणि त्याचा पहिला धक्का नवशिक्यांच्या कामाला बसतो, हेही नाकारता येत नाही. पण तयार होणारा कोड वाढला, की तपासायचा कोडही वाढतो, आणि यंत्राने दिलेली दहा बाइटांची जागा मराठी नावाला अपुरी आहे हे कोणाला तरी दिसावेच लागते. खरी चिंता वेगळी आहे : नवशिक्यांची कामे यंत्राकडे गेली, तर त्या कामांतून घडणारे उद्याचे तज्ज्ञ कोठे घडतील, या प्रश्नाचे उत्तर कंपन्यांनी अजून दिलेले नाही.

सावनेरहून परसोडी किंवा मिहानमधील एखाद्या कंपनीच्या मुलाखतीला जाणाऱ्या अनुभवी अभियंत्याने पदनामापेक्षा तीन गोष्टी विचारून घेणे अधिक उपयोगाचे ठरते : तांत्रिक जिन्याच्या पायऱ्या आणि त्यांचे निकष कंपनीने लिहून ठेवले आहेत काय, त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर प्रत्यक्ष कोणी काम करत आहे काय, आणि तज्ज्ञाने हरकत घेतल्यामुळे एखादी आवृत्ती थांबवली गेल्याचे अलीकडचे उदाहरण मुलाखत घेणाऱ्याला सांगता येते काय.