आधी नक्कल, मग दुरुस्ती

संगणक-दुरुस्तीच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर येतं : "फॉरमॅट मारावा लागेल." गिऱ्हाइकाने विचारलेलं असतं, "चालू होईल ना?" आणि दुकानदार तेवढ्याच प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देतो. होईल की! डिस्क कोरी केली, विंडोज पुन्हा चढवलं की यंत्र सुरू. गिऱ्हाइकाला मात्र हवं असतं वेगळंच : मुलीच्या लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, अर्ध्यावर आलेला प्रबंध. यंत्र चालू झालं की आतलं सगळं आपोआप परत येईल, असं तो धरून चालतो.

संगणक वाचवणं आणि संगणकातला मजकूर वाचवणं ही दोन निराळी कामं आहेत, आणि कित्येकदा ती एकमेकांच्या मुळावर येतात. बिघडलेल्या डिस्कवरचा मजकूर जितका बिघाडामुळे जातो, तितकाच तो घाईने केलेल्या दुरुस्तीमुळेही जातो. डिस्क आतून कशी चालते हे थोडं पाहिलं, की असं का होतं ते कळतं.

बटण दाबल्यानंतर

बटण दाबलं की मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत ना हे तो तपासतो आणि पुढची आज्ञा वाचायला डिस्ककडे जातो. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर डॉस २.० आलं, तेव्हापासून कित्येक वर्षं ही आज्ञा हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असे. त्या सेक्टरचा आकार अवघा ५१२ बाइट. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागणीच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन ओळख पटवण्यासाठी. एवढ्याशा जागेला धक्का लागला, की सगळ्या फाइली जागच्या जागी असूनही पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' उमटतं आणि भरलेली डिस्क रिकामी असल्याचा भास होतो.

हा धोका रचनाकारांनीच पुढे ओळखला. आजच्या संगणकांतल्या जीपीटी पद्धतीत विभागणीच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या टोकाला ठेवलेली असते. विंडोजच्या एनटीएफएस रचनेतही पहिल्या सेक्टरची प्रत त्या विभागाच्या अखेरीस असते आणि फाइलींच्या मुख्य नोंदवहीतल्या पहिल्या चार नोंदी वेगळ्या जागी पुन्हा लिहिलेल्या असतात. सुरुवातीचा भाग खराब झाला तर शेवटच्या प्रतीवरून तो पुन्हा उभा करता येतो. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा 'टेस्टडिस्क' हा मोफत प्रोग्रॅम नेमकं हेच करतो.

विंडोज एक्सपी वापरलेल्यांना आणखी एक संदेश आठवत असेल : 'सिस्टिम' नावाची फाइल सापडत नाही किंवा खराब झाली आहे. यंत्रात कोणती उपकरणं आहेत, कोणते ड्रायव्हर आधी चढवायचे, याची नोंद त्या एका फाइलमध्ये असते. ती बिघडली की सारं अडतं. फोटोंना आणि पत्रांना मात्र ओरखडाही गेलेला नसतो.

महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत असे बिघाड नित्याचे होते. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली, की नोंदवहीतला बदल अर्धवट राहतो. यावर तोड म्हणून एनटीएफएससारख्या रचना कोणता बदल करणार आहोत याचं टिपण आधी लिहून ठेवतात आणि वीज आल्यावर त्यावरून काम पुरं करतात किंवा मागे घेतात. ही काळजी नोंदवहीपुरती असते. त्या क्षणी जतन होत असलेला मजकूर अर्धा राहिला, तर तो अर्धाच मिळतो.

तबकडी आणि तिच्यावर तरंगणारं हेड

हा झाला लिखाणातला दोष. दुसरा प्रकार वस्तूच्याच बिघाडाचा. १९५६ साली आयबीएमच्या रॅमॅक संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क आली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या आणि क्षमता ५० लाख अक्षरांची. आज त्याच्या लाखो पट मजकूर तळहातावर मावतो. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावर हवेच्या झोतावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. धक्क्याने हेड तबकडीला टेकलं तर चुंबकीय थर खरवडला जातो, त्याची भुकटी आत फिरते आणि ती नवे ओरखडे पाडते. अशी डिस्क चालू ठेवण्याचं प्रत्येक मिनिट काहीतरी पुसून टाकत असतं.

धडधाकट डिस्कमध्येही वाचनाच्या चुका सतत होत असतात. त्या आपल्याला दिसत नाहीत एवढंच. याचं श्रेय एका वैतागाला जातं. बेल लॅब्जमधले गणिती रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी संगणकावर काम लावून जात आणि सोमवारी येऊन पाहावं तर यंत्राने चूक सापडताच ते काम सोडून दिलेलं असे. यंत्राला चूक कळते, तर ती कुठे आहे हे शोधून सुधारता का येऊ नये, या प्रश्नातून १९५० साली त्यांची चूक-सुधारक संकेतपद्धती प्रसिद्ध झाली. १९६० साली अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी आणखी समर्थ पद्धत मांडली आणि ती पुढे हार्ड डिस्कमध्ये वर्षानुवर्षं राबली. प्रत्येक सेक्टरबरोबर जादा आकडे लिहिले जातात आणि थोडे बाइट चुकले तर त्यांवरून ते पुन्हा काढता येतात. चुका त्या मर्यादेपलीकडे गेल्या, की डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचू पाहते. संगणक मिनिटभर गोठतो, मग चालतो, पुन्हा गोठतो. त्याचं कारण पुष्कळदा हे असतं.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंदही ठेवते. 'स्मार्ट' नावाच्या या यंत्रणेत किती सेक्टर बाद करून राखीव जागेत हलवले, किती सेक्टर संशयित आहेत, हे पाहता येतं. पण तिच्यावर किती विसंबायचं? २००७ साली गूगलच्या संशोधकांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली वाचनचूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे इशारा मिळाला तर तो खराच. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखवलं नव्हतं. इशारा न देता जाणाऱ्याच डिस्क जास्त.

तिसरा प्रकार मधल्या बुद्धीचा. डिस्कवर तिचा स्वतःचा छोटा संगणक असतो आणि त्याचा प्रोग्रॅमही चुकू शकतो. २००८-०९ मध्ये सीगेट कंपनीच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेतल्या काही डिस्क अचानक प्रतिसाद देईनाशा झाल्या. तबकड्या शाबूत, हेड शाबूत, मजकूर शाबूत. पण आतल्या प्रोग्रॅममधल्या दोषामुळे डिस्क सुरुवातीलाच अडकून बसे. कंपनीने दोष मान्य करून सुधारित प्रोग्रॅम दिला. ज्यांनी तोवर डिस्क 'मेली' म्हणून फेकून दिली, त्यांनी सगळा मजकूर धडधाकट असताना फेकला.

दुरुस्ती केव्हा घात करते

म्हणून पहिलं काम निदानाचं, आणि तेही डिस्कवर एक अक्षरही न लिहिता. कान हे स्वस्तातलं साधन आहे. टकटक किंवा घासल्याचा आवाज आला तर वीज ताबडतोब बंद करावी. पुढचं काम धूळमुक्त दालन असलेल्या प्रयोगशाळेचं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा आपल्या दमट हवेत तर हमखास नडतो. बाहेर काढताच तबकडीवर दव धरतं. तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून लावण्याची युक्तीही आता चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कच्या जुळणीची खास माहिती तिच्याच बोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली असते.

आवाज नसेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली 'नॉपिक्स' आणल्यापासून असं बाहेरून लिनक्स चालवण्याची सोय लोकप्रिय झाली. फाइली दिसल्या तर बिघाड फक्त विंडोजचा. त्या उतरवून घेतल्या की मग खुशाल फॉरमॅट मारा.

खरी फसगत होते ती डिस्क दुसऱ्या विंडोज संगणकाला जोडल्यावर. नोंदवही वाचता आली नाही, की विंडोज अदबीने सुचवतं : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. सवयीने हात 'होय'वर जातो. 'क्विक' फॉरमॅटमध्ये नवी नोंदवही लिहिली जाते आणि मजकूर बराचसा खाली शिल्लक राहतो. पण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितो. त्यानंतर कुठल्याही प्रयोगशाळेत जा, काही हाती लागत नाही.

'चेकडिस्क'चं तसंच. तिचं काम नोंदवही सुसंगत करणं. मजकूर वाचवणं नव्हे. नोंद जुळली नाही तर ती नोंद काढून टाकते, सुटे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये ढकलते आणि यंत्र चालू होतं. निरोगी डिस्कवर हे योग्यच आहे. मरणाऱ्या डिस्कवर तिला सगळी पृष्ठं चाळायला लावणं म्हणजे उरलेला श्वास खर्च करणं, आणि केलेले बदल मागे घेता येत नाहीत.

नक्कल कशी घेतात

म्हणून जाणकार तंत्रज्ञ आधी सेक्टरगणिक नक्कल घेतात. त्यासाठी अँटोनियो डियाझ डियाझ यांचा 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्रॅम जगभर वापरला जातो. साधी कॉपी खराब जागेपाशी अडून बसते. हा प्रोग्रॅम तिथून उडी मारून पुढे जातो, सहज वाचता येणारं सगळं आधी उचलतो आणि अवघड जागा शेवटासाठी ठेवतो. काय वाचलं, काय राहिलं याचा नकाशा तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, म्हणून मध्येच थांबून डिस्क निववता येते आणि काम तिथूनच पुढे सुरू होतं. डिस्क निम्म्यात मेली तरी चांगला भाग हाती आलेला असतो. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर. एक फसला तर मूळ प्रत जशीच्या तशी आहे.

नोंदवही पूर्णच गेली असेल तर ग्रेनिए यांचाच 'फोटोरेक' कामी येतो. ग्रंथालयाची सूची जळाली पण पुस्तकं कपाटात आहेत, अशी ही अवस्था. मग प्रत्येक पुस्तक उघडून ओळखावं लागतं. जेपेग फोटोच्या सुरुवातीला ठरावीक बाइट असतात. तसे दिसले की तिथून फाइल सुरू झाली असं धरून ती उचलली जाते. फाइल मिळते, नाव आणि फोल्डर मिळत नाही. तुकडे विखुरलेले असतील तर फाइलही अर्धीच मिळते.

मराठी छापखान्यांच्या जुन्या डिस्कवर इथे वेगळाच पेच पडतो. युनिकोडपूर्वीचा मजकूर पेजमेकरमध्ये, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेला असे. त्यात देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणून साठवलेलीच नसतात. इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरलेल्या असतात. हजारो निनावी फाइलींत लेखकाचं नाव मराठीत टंकून शोधलं तर काहीच सापडत नाही. त्या फॉन्टमध्ये ते नाव कसं लिहिलं जातं हे आधी काढून तसं शोधावं लागतं. जुने अंक पुन्हा काढू पाहणाऱ्यांनी डिस्कच्या नकलेबरोबर ते फॉन्टही जपायला हवेत.

कोलंबियाची डिस्क

नशीब आणि क्रम जुळून आले तर काय होतं, त्याचं उदाहरण कोलंबिया यानाचं. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात फुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर दगावले. यानात झेनॉन वायूच्या दाटपणावरचा एक प्रयोग होता. त्याची हार्ड डिस्क काही महिन्यांनी एका आटलेल्या तळ्याच्या पात्रात मिळाली : वरचे भाग जळालेले, सील वितळून आत धूळ गेलेली. ती सुरू करून पाहण्याच्या फंदात न पडता ऑनट्रॅक कंपनीच्या तंत्रज्ञांनी तबकड्या काढल्या, रसायनाने धुतल्या आणि नव्या सांगाड्यात बसवून ९९ टक्के मजकूर वाचला. नशीब असं की संगणक जुन्या डॉसवर चालत होता आणि मजकूर डिस्कभर विखुरलेला नव्हता. खड्डे पडले ते मोकळ्या जागेवर. त्या नोंदींवरचा शोधनिबंध २००८ साली 'फिजिकल रिव्ह्यू ई'मध्ये आला. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून काहीही निघालं नाही.

नवी डिस्क, नवे नियम

आजच्या लॅपटॉपमध्ये तबकडीच नसते. एसएसडीत फ्लॅश चिपा असतात. ती पडल्या-आपटल्याने सहसा बिघडत नाही, पण गेली तर बहुधा आवाज न करता जाते. शिवाय फाइल पुसली की 'ट्रिम' आज्ञेमुळे ती जागा लवकरच खरोखर कोरी होते; फोटोरेकला उचलायला काही उरत नाही. त्यातच अनेक नव्या विंडोज यंत्रांत मजकूर कूटबद्ध असतो. डिस्क काढून दुसरीकडे जोडली तर ४८ आकडी बिटलॉकर-किल्ली मागितली जाते, आणि ती नसेल तर निष्णात तंत्रज्ञही हात टेकतो. ही किल्ली बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. यंत्र चालू आहे तोवरच ती शोधून कागदावर उतरवलेली बरी.

वाचवण्याची कला जसजशी अवघड होत चालली आहे, तसतशी आगाऊ नकलेची किंमत वाढते आहे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. तो पाळला नसेल आणि यंत्र बंद पडलंच, तर दुकानात गेल्यावर "चालू होईल ना?" हे सर्वांत शेवटी विचारावं. आधी विचारावं : मूळ डिस्कवर काही लिहिण्यापूर्वी तुम्ही तिची पूर्ण नक्कल घेणार का? उत्तर 'गरज नाही' असं आलं, तर लॅपटॉप पिशवीत घालून पुढच्या दुकानात जावं.