उतारावरील घर आणि त्याचे खांब

दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या एका विद्यार्थ्यानें संगणकावर काढलेलें घराचें चित्र मला आणून दाखविलें. त्याच्या वडिलांस गांवाकडील उताराच्या जमिनीवर लहानसें घर बांधावयाचें असून, तें चित्र गवंड्यास दाखवून खर्चाचा अंदाज घेण्याचा त्यांचा विचार होता. पडवी, खिडक्या, कौलें, सर्व कांहीं मुलानें मोठ्या हौसेनें काढलें होतें. मीं तें फिरवून घर खालच्या बाजूनें पाहिलें, तों उताराकडील तीन खांब जमिनीस टेकलेच नव्हते. ते चक्क फूटभर अधांतरीं लोंबत होते! समोरून पाहतां हा दोष मुळींच दिसत नव्हता. ही चूक पुष्कळांच्या हातून होते, म्हणून हा विषय येथें थोडक्यांत समजावून देण्याचें योजिलें आहे.

उतारावर घर बांधण्याच्या मुख्य रीती दोन आहेत. पहिली, डोंगर कापून सपाटी करण्याची. या रीतींत वरची माती खोदून खालच्या बाजूस भर घालतात. परंतु भरावाची माती मागाहून दबते, कापलेल्या बाजूस भिंतीचा आधार द्यावा लागतो, आणि पावसाच्या पाण्याची नेहमींची वाट मोडते. दुसरी रीत खांबांची. या रीतींत जमीन बहुतेक जशीच्या तशी ठेवून ठिकठिकाणीं खड्डे खणतात, त्यांत खांब उभारतात, आणि खांबांच्या माथ्यांवर तुळया टाकून घराची फरशी तोलून धरतात. पाणी घराखालून वाहून जातें व खोदकामही थोडें होतें. मात्र जो डोंगर मुळांतच ढासळणारा आहे, त्यास घराचे खांब आवरूं शकत नाहींत. ता. 30 जुलै 2014 रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर दरड कोसळून सुमारें दीडशें माणसें प्राणास मुकलीं, हें आपण विसरतां कामा नये. जागा सुरक्षित आहे कीं नाहीं हा प्रश्न पहिला; खांबांचा प्रश्न त्यानंतरचा.

आतां खांबांचा हिशेब पाहूं. समजा, जमीन दर 5 फुटांस 1 फूट उतरते, व घर उताराच्या दिशेनें 20 फूट लांब आहे. वरच्या कडेस, मध्यभागीं व खालच्या कडेस, अशा दहा-दहा फुटांवर खांबांच्या तीन रांगा असून, वरच्या कडेस फरशी जमिनीपासून 2 फूट उंच ठेवावयाची आहे. 10 फुटांत जमीन 2 फूट उतरते. म्हणून जमिनीवरील खांबांची उंची अनुक्रमें 2, 4 व 6 फूट होईल. प्रत्येक खांब जमिनींत 3 फूट जावयाचा असें धरल्यास एकंदर लांबी 5, 7 व 9 फूट भरेल. आमच्या विद्यार्थ्यानें वरच्या रांगेंतील 5 फुटांचा खांब बरोबर काढला, आणि त्याच्याच प्रती काढून सर्वत्र ठेविल्या. त्यामुळें पहिली रांग जमिनींत 3 फूट गेली, मधली अवघी 1 फूट गेली, आणि शेवटची जमिनीच्या 1 फूट वर राहिली. यांत यंत्राचा दोष कांहीं नव्हता. त्यास सांगितलें तेंच त्यानें केलें.

खरी जमीन मात्र अशी सरळ उतरत नाहीं. ती कोठें फुगीर, कोठें खोलगट असते. पुष्कळदां उतार घरास तिरपा येतो, आणि मग प्रत्येक खांबाची लांबी निराळी होते. याकरितां आधीं जागेची मोजणी पाहिजे. गवंडी ज्या पारदर्शक नळींत पाणी भरून लेव्हल पाहतो, तीच येथें उपयोगी पडते. नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीवर राहतें, म्हणून एका खुंटीपासून दुसरीपर्यंत जमीन किती उतरली हें पट्टीनें मोजतां येतें. जागेवर थोड्या थोड्या अंतरावर खुंट्या मारून अशी मोजणी करावी, व सारख्या उंचीचे बिंदु जोडून समोच्च रेषा काढाव्या. भूगोलाच्या नकाशांत आपण पाहतों, त्याच या रेषा.

पुढील काम संगणकाचें. यासाठीं स्केचअप हें साधन पुष्कळांस परिचित आहे. तें सन 2000 मध्यें अमेरिकेंत निघालें. 2006 मध्यें तें गूगलनें व 2012 मध्यें ट्रिंबल कंपनीनें घेतलें. त्यांतील रीत अशी आहे. प्रथम प्रत्येक समोच्च रेषा तिच्या उंचीइतकी वर उचलावी. नंतर ‘सँडबॉक्स’ नांवाच्या साधनांपैकीं समोच्च रेषांवरून जमीन करण्याची आज्ञा द्यावी, म्हणजे रेषांमधील जागा लहान लहान त्रिकोणांनीं भरून जमिनीचें पृष्ठ तयार होतें. त्याच्या वर योग्य उंचीवर फरशी ठेवावी. मग त्याच पृष्ठाची एक प्रत 3 फूट खालीं सरकवावी. हिच्यावरून खांबांचा तळ कोठें येतो तें कळेल. खांब मुद्दाम लांब काढून दोन्ही पृष्ठांतून आरपार जाऊं द्यावे, व खालच्या पृष्ठास ते जेथें छेदतात तेथें कापावे. येथें दोन गोष्टी संभाळाव्या. पहिली, ‘कॉम्पोनंट’ म्हणून केलेल्या प्रतींपैकीं एकींत बदल केला कीं सर्वांत होतो. म्हणून कापण्यापूर्वीं प्रत्येक खांब स्वतंत्र करून घ्यावा. दुसरी, खांबाचा तळ उताराप्रमाणें तिरपा राहूं देऊं नये. उताराकडील कडेची खोली धरून तो सपाट करावा. तिरप्या तळावर खांब घसरण्याचें भय असतें.

इतकें करूनही संगणकास जमिनीच्या पोटांतील कांहीं दिसत नाहीं. वर धरलेले 3 फूट केवळ उदाहरणापुरते आहेत. खरी खोली जागेवर खड्डा खणून, खालीं काळी माती लागते, मुरूम लागतो कीं कातळ लागतो, हें पाहून ठरते. खडकावरील व वाळूवरील घरांचा दृष्टांत आपल्या वाचकांस ठाऊकच आहे.

आणखी एक गोष्ट चित्रांत दिसत नाहीं. भूकंपांत घराची फरशी एकसंध हलते, म्हणून सर्व खांबांचे माथे सारखेच सरकतात. खांब आडवा वांकविण्यास लागणारा जोर त्याच्या लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. आपल्या उदाहरणांत 6 फुटांचा खांब 2 फुटांच्या खांबाच्या तिप्पट आहे. तेव्हां दोन्ही सारख्याच जाडीचे व सारखेच जखडलेले असल्यास आंखूड खांबावर 3 गुणिलें 3 गुणिलें 3, म्हणजे सुमारें 27 पट जोर येतो. पाहतांना जो सर्वांत भक्कम वाटतो, तोच आधीं फुटण्याचा संभव असतो. ता. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप ज्या प्रांतानें सोसला, त्या प्रांतांत ही गोष्ट दृष्टिआड करून चालणार नाहीं. आंखूड खांबांत लोखंड व कड्या अधिक घालणें, सर्व खांब दोन्ही दिशांनीं तुळयांनीं एकमेकांस बांधणें, इत्यादि उपाय आहेत. पण ते किती व कसे करावे हें जाणत्या इंजिनियरानेंच ठरवावें.

आमच्या विद्यार्थ्यानें पुढें वडिलांबरोबर गांवीं जाऊन नळीनें जागा मोजली व सर्व खांब नव्यानें काढले. खालच्या रांगेस प्रत्येक खांबामागें 4 फूट अधिक लागणार, हें वडिलांस काम सुरू होण्यापूर्वींच कळलें, व त्याप्रमाणें त्यांनीं पैशाची तजवीज केली. आतां तें चित्र घेऊन ते प्रथम इंजिनियराकडे व मग गवंड्याकडे जाणार आहेत. आमच्या इतर विद्यार्थ्यांस एवढेंच सांगावयाचें, कीं घराचें चित्र पुरें झालें म्हणजे तें एकदां खालच्या बाजूनें फिरवून पाहावें, व प्रत्येक खांब कोठें टेकला आहे हें स्वतः मोजावें.