अनुभवानें उतरणारी किंमत : सौरपंप घ्यावा कीं थांबावें?

सौरपंपाच्या पट्ट्यांची किंमत वर्षानुवर्षें उतरत आली आहे. मग आजच अर्ज कां करावा, आणखी दोन वर्षें थांबलें तर काय बिघडलें, असा विचार उत्रोलीसारख्या भोर तालुक्यांतील गांवीं कोणाही हिशेबी बागाईतदाराच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु किंमत कां उतरते हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

1936 सालीं टी. पी. राइट या अमेरिकन अभियंत्यानें विमानांच्या कारखान्यांतील हिशेब मांडून दाखविलें कीं, आजवर बनविलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली म्हणजे दर विमानामागील मजुरी ठराविक प्रमाणांत घटते. नुसता काळ लोटल्यानें हें घडत नाहीं. हात चालावा लागतो. भातलावणीस आलेल्या नव्या गड्यास पहिल्या खाचरास लागणारा वेळ आठव्या खाचरास लागत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. सौरपट्ट्यांच्या बाबतींत दर दुपटीस किंमत सुमारें शेंकडा 20 नें उतरत आली. शंभर रुपयांचे प्रथम 80, मग 64, आणि दहाव्या दुपटीस अवघे 11 च्या आसपास! आपल्या देशांत 2010 सालच्या लिलावांत सौरविजेचा दर युनिटमागें 10 रुपयांवर होता. 2017 सालीं राजस्थानांतील भडला येथें तो 2 रुपये 44 पैशांवर आला.

भाटघर धरणाच्या पायथ्याशीं 16 मेगावॉटचें वीजगृह आहे. त्या जातीच्या कामांत अशी उतार दिसत नाहीं. कारण प्रत्येक धरणाची जागा, खडक व बुडित क्षेत्र निराळें. पट्टी मात्र एकाच सांच्याची, कोट्यवधींनीं निघते. म्हणूनच वीजनिर्मितीचें नवें भांडवल तिकडे वळलें. अर्थात् आरंभीं कोणी तरी महाग माल घ्यावाच लागतो. जर्मनीनें 2000 सालच्या कायद्यानें तो भार उचलला. सारेच थांबते तर दर उतरताच ना.

आतां आपला हिशेब. पंप, सांगाडा, केबल व मजुरी यांना हा नियम पट्टीइतका लागू नाहीं. शिवाय ज्यांच्या विहिरीवर वीज पोंचलेली नाहीं त्यांच्यासाठीं असलेल्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्यानें किंमतीच्या शेंकडा 10, व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यानें 5 भरावयाचे असतात. म्हणजे उद्यां किंमत 20,000 रुपयांनीं उतरली तरी आपले वांचतील दोन हजार किंवा एक हजार. थांबण्यांत रब्बीचें एक पाणी हुकलें तर त्याची भरपाई त्यांतून होणार नाहीं. पावसाळ्यांत आभाळ भरून पट्टी मंदावते खरी, पण तेव्हां आपल्या मुलुखांत पंप लागतो कोणास?

जमीन सौरप्रकल्पास भाड्यानें देण्याचा प्रश्न वेगळा. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेच्या 2023 सालच्या दुसऱ्या टप्प्यांत हेक्टरीं वर्षास 1,25,000 रुपये व दरसाल शेंकडा 3 वाढ असें भाडें ठरलें. पडीक माळास तें उत्तम. भाताचें खाचर त्यापायीं गुंतवावें, असें आम्हांस वाटत नाहीं.

योजनेंत अडीच एकरांपर्यंत 3, पांच एकरांपर्यंत 5 व त्यापुढें साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पण अर्ज भरण्यापूर्वीं चैत्रांत विहिरींत पाणी किती हात उरतें, तें दोर सोडून मोजून ठेवावें.