कारंज्याची रुई आणि हिंजवडीचे काम

मूर्तिजापूरहून कारंजा लाड, दारव्हा करत यवतमाळला एकेकाळी जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन 1921 साली मँचेस्टरमध्ये तयार झाले होते. 1994 पर्यंत त्याने वऱ्हाडात चाकरी केली. ही नॅरोगेज लाइन टाकली गेली ती कापसासाठी. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी व्हायची, रुई दाबून गाठी बांधल्या जायच्या आणि मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढवून त्या मुंबईकडे रवाना व्हायच्या. काही गाठी तिथल्या गिरण्यांत जायच्या, काही बोटीने परदेशी.

त्याआधी, 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडावर नजर रोखली. भाव कडाडले, युद्ध संपताच कोसळलेही. कापूस पिकवणाऱ्याच्या हातात ना भाव होता, ना कापड.

शकुंतलेची व्यवस्थाही पाहण्यासारखी. लाइनची मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने उभ्या केलेल्या कंपनीकडे आणि गाड्या चालवायच्या दुसऱ्याच रेल्वेने. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी ही लाइन कंपनीचीच राहिली. गाडी भारतीय रेल्वेने चालवायची आणि मोबदला मालकाला द्यायचा. मालकी आपल्याकडे ठेवून काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे, हा आउटसोर्सिंगचा गाभा आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याने संगणक येण्याच्या कितीतरी आधी पाहिला होता.

आता असे दुसऱ्यासाठी केलेले काम संगणकावर होते आणि समुद्राखालच्या केबलमधून जाते. मुंबईत 1968 मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (टीसीएस) सुरू झाली, 1973 मध्ये अंधेरीला सीप्झ हे निर्यात क्षेत्र आले. सन 2000 उजाडताना जुने संगणक तारीख चुकवतील, या धास्तीने पाश्चात्त्य कंपन्यांना एकाएकी हजारो प्रोग्रामर हवे झाले आणि भारतीय कंपन्यांना दार उघडले. पुण्याचे हिंजवडी हे आयटी केंद्र त्याच लाटेवर वाढले. 2023-24 मध्ये भारताची आयटी आणि संबंधित सेवांची निर्यात सुमारे 200 अब्ज डॉलरवर होती.

हिशेब सरळ आहे. समजा, एखाद्या अमेरिकी बँकेला एक काम तिकडे करून घ्यायला शंभर डॉलर पडतात आणि पुण्यातून तीस. बँकेचे सत्तर वाचले. तिसातून भारतीय कंपनी आपला नफा, इमारतीचे भाडे, वीज वजा करते, उरलेल्यातून पगार. तो रुपयात मोजला की इथल्या मानाने बरा असतो, म्हणून सौदा दोघांना परवडतो. शिवाय न्यूयॉर्कला रात्र पडते तेव्हा इथे कामाची वेळ सुरू होते. पण तयार झालेले सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ग्राहकाच्याच मालकीचे असते. ते पुढे दहा वर्षे पैसा कमावत राहिले, तरी लिहिणाऱ्याला त्यातले काही मिळत नाही.

या साखळीत वाशिमचा एक खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. रिसोड, मालेगाव, मानोऱ्याकडचा शेतकरी सोयाबीन विकून, प्रसंगी कर्ज काढून पोराला इंजिनिअर करतो. पदवी हातात आली की पोरगा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणे गाठतो. वाकडचे घरभाडे, मेस, किराणा, सारे तिथेच खर्च होते. घडवण्याचा खर्च जिल्ह्याने केला, बाजारपेठ मात्र पुण्याची वाढली. घरी पाठवलेल्या पैशाने विहीर होते, बहिणीचे शिक्षण होते, हेही खरेच. पण 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा वीस वर्षांनी नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत होता, हे विसरता येत नाही.

आता वाराही फिरला आहे. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये अमेरिकेने एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. त्याच महिन्यात परदेशातून करून घेतलेल्या कामासाठी कंपन्या देतात त्या पैशावर 25 टक्के कर बसवण्याचे विधेयक तिथल्या सिनेटमध्ये मांडले गेले. कापसाचा भाव लिव्हरपूलला ठरायचा. या नोकऱ्यांचे भवितव्य वॉशिंग्टनमध्ये ठरते आहे.

तरी रुईच्या गाठीला रेल्वे लागत होती, या कामाला लागत नाही. 2020 च्या टाळेबंदीत गावी परतलेल्या कितीतरी मुलांनी घरातल्या खोलीत बसून परदेशी ग्राहकांची कामे पूर्ण केली आणि त्या काळात पगाराचा मोठा वाटा गावातच खर्च झाला. मग कंपन्यांनी ऑफिसला बोलावले आणि ती परत गेली. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून, मालेगाव तालुक्यातून जातो. त्याच्या कडेला गोदामे उभी करण्याचे बेत होतात. त्याच हिरिरीने भरवशाची वीज, दुहेरी इंटरनेट जोडणी आणि पन्नास-शंभर जण बसतील अशी छोटी कार्यालये वाशिममध्ये उभी राहायला हवीत.